अभ्यासयोगी स्वामी कुवलयानंद

मुंबईहून पुण्याकडे निघालेली रेल्वेगाडी कर्जत सोडते आणि बोरघाट चढू लागते. एकामागून एक बोगदे ओलांडून ती सह्याद्रीच्या माथ्यावर येते, तेव्हा लोणावळा हे गाव लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर वसलेल्या या गावी वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आषाढ-श्रावणात धुके थेट घरात शिरते, वाळत घातलेले कपडे दिवसदिवस ओले राहतात आणि सूर्यदर्शन दुर्मीळ होते. आश्विनात आकाश निवळते. पौषात पहाटे हुडहुडी भरते. चैत्र-वैशाखात घाटातले गवत करपून पिवळे पडते. ऋतूंचे फेरे इतक्या ठळकपणे जाणवणाऱ्या या ठिकाणी १९२४ साली एका माणसाने योगाच्या अभ्यासासाठी आश्रम स्थापन केला आणि त्याच आश्रमात प्रयोगशाळाही उभारली. आश्रम आणि प्रयोगशाळा एकाच छपराखाली नांदू शकतात, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. त्या संस्थेचे नाव कैवल्यधाम आणि तिच्या संस्थापकाचे नाव स्वामी कुवलयानंद.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई या गावी झाला. डभोई त्या वेळी बडोदा संस्थानात होते आणि त्या संस्थानात मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी वाटते. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे काही काळ शिक्षक होते, तर आई सरस्वतीबाई घर सांभाळीत. घरची स्थिती बेताचीच होती आणि अनेकदा इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागे. अशा स्थितीत १९०३ साली जगन्नाथाने मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि तिच्या आधारे तो बडोदा कॉलेजात दाखल झाला. मॅट्रिकला संस्कृतात सर्वोत्तम यश मिळविणाऱ्यास दिली जाणारी ही शिष्यवृत्ती त्या काळी मोठ्या प्रतिष्ठेची मानली जाई. दारिद्र्यातून वाट काढणाऱ्या मुलाला संस्कृत भाषेने हात दिला आणि पुढे त्याच भाषेतील योगग्रंथ त्याच्या आयुष्याचा विषय झाले.

त्या वेळी बडोदा कॉलेजात श्रीअरविंद घोष अध्यापन करीत होते. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी सारा तरुण वर्ग भारलेला होता. या दोघांचाही ठसा जगन्नाथरावांच्या मनावर उमटला. देशसेवेसाठी आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय त्यांनी याच वयात केला आणि तो अखेरपर्यंत पाळला. परंतु त्यांच्या भावी कार्याची खरी पायाभरणी झाली ती बडोद्याच्या एका आखाड्यात. राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांचे जुम्मादादा व्यायाममंदिर सर्वत्र प्रसिद्ध होते. तेथे १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथरावांनी भारतीय व्यायामपद्धतीचे पद्धतशीर शिक्षण घेतले. आखाड्याची एक शिस्त असते. पाऊस कोसळत असो की थंडी बोचत असो, ठरलेल्या वेळी लाल मातीत उतरावे लागते. आदल्या दिवशी अंग दुखले असेल तर मेहनत कमी करता येते, पण आखाडा चुकविता येत नाही. हे वळण जगन्नाथरावांच्या अंगी असे बाणले की पुढे योगाकडे वळल्यावरही त्यांची दृष्टी एखाद्या तालीमबाजाचीच राहिली. योगाविषयी बोलतानाही त्यांच्या मनात आधी येई तो रोजचा अभ्यास. दिव्य अनुभवांचा विचार त्यांच्या लेखी पुढचा होता.

शिक्षण संपल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. खानदेशातील अमळनेर येथे त्या काळी राष्ट्रीय शिक्षणाचे केंद्र उभे राहत होते. १९१६ साली जगन्नाथराव तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. भारतीय संस्कृती हा त्यांच्या अध्यापनाचा विषय होता. सामान्य जनतेचे अज्ञान आणि तिच्यातील अंधश्रद्धा त्यांनी जवळून पाहिल्या, आणि शिक्षणावाचून देशाला तरणोपाय नाही ही त्यांची खात्री झाली.

१९१९ साली त्यांना परमहंस माधवदासजी भेटले. मूळचे बंगालचे असलेले हे योगी दीर्घ भ्रमंतीनंतर नर्मदेच्या तीरावर मालसर येथे स्थिरावले होते. त्यांचे वय शंभरीच्या पुढे गेले आहे असे शिष्य सांगत. मुंबईत १९१८ सालीच योगाची संस्था काढणारे श्रीयोगेंद्र हेही माधवदासजींचेच शिष्य होत. माधवदासजींच्या सहवासात जगन्नाथरावांनी योगाचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले. ग्रंथांतून वाचलेली आसने, प्राणायाम आणि शुद्धिक्रिया आता त्यांनी स्वतःच्या शरीरावर अनुभविल्या. या अनुभवातून त्यांना प्रश्न पडू लागले. एखादी क्रिया केल्यावर प्रसन्न वाटते हे खरे. पण का वाटते? शरीरात त्या वेळी नेमके काय घडते? गुरूंनी सांगितलेले प्रमाण मानायचे की तपासून पाहायचे? पुष्कळ साधकांना हे प्रश्न पडत नाहीत. ज्यांना पडतात, त्यांतील बरेच जण साधना सोडून देतात. जगन्नाथरावांनी साधनाही सोडली नाही आणि प्रश्नही सोडले नाहीत.

आणि मग एकामागून एक आघात झाले. राष्ट्रीय वृत्तीचा वाढता प्रभाव पाहून ब्रिटिश सरकारने १९२० साली अमळनेरचे महाविद्यालय बंद पाडले. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. १९२१ साली माधवदासजींनीही देह ठेवला. ज्या संस्थेसाठी राबावे ती संस्था, ज्याच्या मागे चालावे तो नेता आणि ज्याच्या पायाशी बसावे तो गुरू, ही तिन्ही स्थाने सुमारे दोन वर्षांच्या अवधीत नाहीशी झाली. जगन्नाथराव तेव्हा सदतीस-अडतीस वर्षांचे होते. मध्येच शिक्षण सुटणे किंवा हातचे काम जाणे म्हणजे काय, हे मुक्त विद्यालयाच्या अनेक विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. एकदा घडी विस्कटली की पहिला बळी जातो तो रोजच्या नेमाचा. उठण्याची वेळ बदलते, जेवणाची वेळ बदलते आणि उद्यापासून पुन्हा सुरू करू असे म्हणता म्हणता महिने निघून जातात.

पतंजलींच्या योगसूत्रांत या अवस्थेचे मोठे मार्मिक वर्णन आलेले आहे. चित्त विचलित करणारी जी विघ्ने त्यांनी मोजली, त्यांत पहिला क्रमांक रोगाचा आहे. पुढे त्यांनी असे सांगितले आहे की या विघ्नांबरोबर दुःख येते, मन खिन्न होते, शरीर कंप पावते आणि श्वास-उच्छ्वासाची लय बिघडते. दुःखाचा श्वासाशी असलेला हा संबंध कोणीही स्वतःवर पडताळून पाहावा. वाईट बातमी ऐकताना आपला श्वास अडखळतो. काळजीत असताना तो उथळ आणि जलद होतो. मनाला थेट आवरणे अवघड असते. पण श्वास सावकाश करणे आणि शरीर स्थिर बसविणे या गोष्टी पुष्कळशा आपल्या हातातील आहेत. मनापर्यंत पोहोचण्याचा हा वळसा घालून जाणारा मार्ग म्हणजेच आसन आणि प्राणायाम. आसन स्थिर झाले म्हणजे शीत-उष्णासारखी द्वंद्वे साधकाला पीडा देत नाहीत, असेही पतंजली सांगतात. याचा अर्थ थंडी वाजणे बंद होते असा नाही. थंडी वाजते, ऊन लागते, दुःखही होते. फक्त त्या तडाख्याने आतली बैठक मोडत नाही.

जगन्नाथरावांची बैठक मोडली नाही, याचा पुरावा त्यांच्या पुढील कामातच मिळतो. महाविद्यालय बंद पडले त्याच सुमारास, म्हणजे १९२० व १९२१ या वर्षांत, त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने योगक्रियांचे प्रयोग सुरू केले. उड्डियान आणि नौली या दोन क्रिया त्यांनी तपासासाठी निवडल्या. श्वास पूर्णपणे बाहेर टाकून पोट आत व वर खेचून घेणे म्हणजे उड्डियान. पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे वेगळे काढून फिरविणे म्हणजे नौली. या क्रिया करताना पोटातील इंद्रियांची स्थिती कशी बदलते हे क्ष-किरणांनी डोळ्यांना दाखविले. हठयोगाच्या क्रियांचा असा वैद्यकीय तपास करणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत या प्रयोगांची गणना होते.

यातूनच पुढे एक सुंदर शोध लागला. योगी पाण्यात बसून, कोणत्याही पिचकारीवाचून, मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतात आणि आतडे धुतात. या क्रियेला बस्ती म्हणतात. पाणी वर चढते कसे, याविषयी तर्कवितर्क चालत. नौली करताना आतड्यातील दाब मोजण्यासाठी दाबमापक नळी वापरली, तेव्हा तो दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी झालेला आढळला. दाब कमी झाला की पाणी आपोआप आत ओढले जाणार हे उघड आहे. यात चमत्कार काहीच नव्हता, होते ते भौतिकशास्त्र. या निर्वात स्थितीला संशोधकाने स्वतःचे नाव दिले नाही. आपल्या दिवंगत गुरूंच्या स्मरणार्थ तिला माधवदास निर्वात असे नाव दिले. गुरूवरील श्रद्धा आणि गुरूच्या विद्येची परीक्षा या दोन गोष्टी एकाच कृतीत कशा एकत्र येऊ शकतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. जगन्नाथराव गुणे हे नाव आता मागे पडले आणि स्वामी कुवलयानंद हे नाव रूढ झाले. ऑक्टोबर म्हणजे शरद ऋतू. घेरंडसंहिता या हठयोगावरील ग्रंथात योगाभ्यासाला आरंभ करण्यासाठी वसंत आणि शरद हे दोनच ऋतू योग्य मानले आहेत. हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा या चार ऋतूंत आरंभ केल्यास तो रोगाला कारण होतो, असा इशाराही तेथे दिला आहे. संस्थेच्या स्थापनेशी जुळलेल्या या योगायोगाला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. पण त्या जुन्या नियमामागील विचार समजून घेण्यासारखा आहे.

कडक उन्हाळ्यात शरीर आधीच घामाने थकलेले असते. पावसाळ्यात भूक मंदावते, हवा कोंदट होते, सर्दी-पडशाची साथ असते. ऐन थंडीत सांधे आखडतात. अशा वेळी नवशिक्याने एकदम अभ्यास सुरू केला, तर नव्या श्रमाचा भार आणि ऋतूचा भार असे दोन्ही एकदम अंगावर येतात. वसंतात आणि शरदात हवा समशीतोष्ण असते, म्हणून आरंभ तेव्हा करावा. हा नियम आरंभापुरता आहे, हे मात्र नीट लक्षात घेतले पाहिजे. एकदा सुरू झालेला अभ्यास सहाही ऋतूंत चालवायचा असतो. बदलते ते त्याचे प्रमाण आणि त्याचा प्रकार. उन्हाळ्यात जिभेची पन्हळ करून तिच्यातून हवा आत घेण्याचा शीतली प्राणायाम थंडावा देणारा मानला जातो. उजव्या नाकपुडीने श्वास घेण्याचा सूर्यभेदन प्राणायाम उष्णता वाढविणारा, म्हणून थंडीच्या दिवसांत सोयीचा समजतात. हठप्रदीपिका हा दुसरा ग्रंथ तर साधकाने पहाटेचे थंड स्नान, उपवास आणि शरीराला क्लेश देणारी कर्मे टाळावीत असे सांगतो. योग म्हणजे देहदंड अशी समजूत ज्यांची आहे, त्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल. हे ग्रंथ शरीराला शत्रू मानीत नाहीत. ते त्याला ऋतूमानाप्रमाणे वागविण्याचे वाहन मानतात.

कुवलयानंदांनी या ग्रंथांतील विचार आजच्या माणसाला पेलेल अशा रीतीने मांडला. १९२४ सालीच त्यांनी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. त्यात प्रयोगांची शास्त्रीय माहिती येई आणि सामान्य वाचकांसाठी आसनांचे सोपे विवेचनही येई. पुढे ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ हे त्यांचे इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाले आणि देशोदेशी वाचले गेले. ‘आसने’ या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की त्यात केवळ कृती देऊन लेखक थांबलेला नाही. धडधाकट माणसासाठी पूर्ण क्रम, ज्याला वेळ कमी त्याच्यासाठी छोटा क्रम आणि ज्याला शक्ती कमी त्याच्यासाठी सोपा क्रम, अशी सोय त्यात केली आहे. ज्याचे हृदय अशक्त आहे किंवा ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे त्याने शीर्षासनासारखी आसने करू नयेत, असे बजावले आहे. कोठेही जोर लावू नये, झटके देऊ नयेत, ताण सोसवेल इतकाच घ्यावा, ही सूचना तर पुनःपुन्हा येते. माझ्या मते या तीन क्रमांच्या योजनेत त्यांची सारी शिकवण सामावलेली आहे. आयुष्यात असे दिवस येतातच की पूर्ण क्रम अशक्य होतो. घरात आजारपण असते, परीक्षा तोंडावर असते, शेतात पेरणीची घाई असते. त्या दिवशी छोटा क्रम करावा. अंगात ताप येऊन गेला असेल तर सोपा क्रम करावा. धागा बारीक झाला तरी चालेल, तो तुटता कामा नये.

त्यांच्या या सल्ल्याचा लाभ घेणाऱ्यांत महात्मा गांधीही होते. १९२७ च्या मार्च महिन्यात दौऱ्यावर असताना कोल्हापूर येथे गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब फार वाढला होता. सक्तीच्या विश्रांतीसाठी त्यांना आधी आंबोलीस आणि नंतर म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर नेण्यात आले. या काळात त्यांनी कुवलयानंदांशी आसनांविषयी पत्रव्यवहार केला. सतत कार्यात बुडालेल्या, प्रत्येक गोष्ट स्वतःवर प्रयोग करून पाहणाऱ्या माणसाला योगाचा सल्ला देणे सोपे नव्हते. पण दोघांचा स्वभाव एका बाबतीत सारखा होता. सांगितले म्हणून करायचे आणि वाटले म्हणून सोडायचे, हे दोघांनाही मान्य नव्हते.

प्रयोगाचा निष्कर्ष मनाविरुद्ध गेला तर काय करायचे, हा संशोधकाच्या मनःस्थैर्याचा खरा कस असतो. प्राणायामामुळे शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि म्हणूनच तो हितकारक आहे, असे तेव्हाही सर्रास सांगितले जाई आणि आजही सांगितले जाते. योगाचा पुरस्कर्ता या नात्याने कुवलयानंदांना हे म्हणणे सोयीचे होते. परंतु त्यांच्या मापनात तसे आढळले नाही. प्राणायामात श्वास मोठे असले तरी ते मिनिटाला थोडेच होतात. त्यामुळे एकंदर आत घेतला जाणारा प्राणवायू नेहमीच्या श्वसनापेक्षा वाढत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो छापून प्रसिद्धही केला. प्राणायामाचे महत्त्व श्वसनाच्या स्नायूंना आणि मज्जासंस्थेला मिळणाऱ्या शिक्षणात शोधले पाहिजे, असे ते सांगू लागले.

त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले असे म्हणता येणार नाही. प्रयोगात सहभागी होणाऱ्यांची संख्या लहान असे, उपकरणे त्या काळातील होती आणि अंतःस्रावी ग्रंथींवर आसनांचा जो परिणाम त्यांनी वर्णिला, तो सारा आजचे वैद्यक जसाच्या तसा स्वीकारणार नाही. पण आपले म्हणणे तपासून घ्या असे सांगणाऱ्यावर पुढच्यांनी ते तपासल्याने अन्याय होत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठातून कोवूर बेहनन हे मूळचे केरळातील मानसशास्त्रज्ञ योगाच्या अभ्यासासाठी लोणावळ्यास आले. कुवलयानंदांजवळ राहून त्यांनी स्वतः साधना केली आणि १९३७ साली योगाचे शास्त्रीय मूल्यमापन करणारा ग्रंथ लिहिला.

आश्रमाबाहेरील सामान्य माणसापर्यंत योग पोहोचविण्याचे कामही चालूच होते. शाळांतील मुलांना एकत्रितपणे करता येतील अशा योगाच्या व्यायामांची रचना त्यांनी केली. ‘यौगिक संघव्यायाम’ हे त्यांचे पुस्तक त्यासाठीच होते. १९३२ साली मुंबईत सांताक्रूझ येथे शाखा निघाली. १९३६ साली ती चर्नी रोडजवळ, समुद्रकिनारी मरीन ड्राइव्हवर गेली आणि ईश्वरदास चुनिलाल यौगिक आरोग्य केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. गिरणगाव आणि कचेऱ्या यांच्या या शहरात, जेथे ऋतू छत्रीवरून आणि लोकलच्या उशिरावरून ओळखायचा, तेथे लोक कामावर जाण्यापूर्वी आसने शिकू लागले हे विशेषच. अलिबागजवळील कनकेश्वर येथे आणि सौराष्ट्रात राजकोट येथेही केंद्रे सुरू झाली. १९४४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम श्रीमन्माधव योगमंदिर समितीची स्थापना झाली. १९५१ साली योग आणि सांस्कृतिक समन्वय यांचे शिक्षण देणारे गोवर्धनदास सेक्सरिया महाविद्यालय निघाले. अमळनेरचे महाविद्यालय बंद पडल्याला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती.

वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर बहुतेक माणसे आवराआवर करू लागतात. कुवलयानंदांनी १९६१ साली जुनाट विकारांवर योगाने उपचार करणारे श्रीमती अमोलकदेवी तीरथराम गुप्ता यौगिक रुग्णालय सुरू केले. दमा, पचनाचे विकार, निद्रानाश अशा दुखण्यांनी गांजलेले रोगी येथे येत. दम्याच्या रोग्याला पावसाळा किती जड जातो हे घाटमाथ्यावर वेगळे सांगण्याची गरज नाही. औषधाने हटत नाही आणि जीवही घेत नाही, अशा दुखण्याने माणूस हळूहळू खचतो; ऋतू पालटला की ते पुन्हा डोके वर काढते. अशा माणसाला आहाराचे नियम, थोडी आसने, बेताचा प्राणायाम आणि दिवसाची आखणी लावून देणे हे तेथील उपचारांचे स्वरूप होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. त्यांच्यानंतर त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेची धुरा वाहिली; हठप्रदीपिका आणि घेरंडसंहिता यांच्या चिकित्सक आवृत्त्या त्यांच्या संपादनाखाली अनुक्रमे १९७० आणि १९७८ साली कैवल्यधामाने प्रकाशित केल्या. कुवलयानंदांनी उभारलेल्या संस्थांची नावे पाहिली तर त्यांत गुरू माधवदासजींचे नाव आहे, ईश्वरदास चुनिलाल, गोवर्धनदास सेक्सरिया आणि अमोलकदेवी गुप्ता यांची नावे आहेत. नौलीतील त्या निर्वात स्थितीलाही गुरूंचेच नाव आहे. जगन्नाथ गणेश गुणे या मुलाचे नाव यांपैकी कशालाही दिलेले नाही. ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर लेखकाचे नाव आहे, तेही त्याने योगमार्गात धारण केलेले.